पाण्यावर उतरायची वेळ आली तर : खासगी वैमानिकांचे डिचिंग प्रशिक्षणाबद्दलचे प्रश्न

हे पान एका इंजिनाचं छोटं विमान उडवणाऱ्यांसाठी आहे. कुणी बारामती-गोंदियाला शिकलेलं असतं, कुणी फ्लोरिडात परवाना काढून तिथेच शनिवार-रविवारी उडत असतं, कुणी इंग्लंडात नोकरी करता करता क्लबच्या विमानातून फ्रान्सला जेवायला जाऊन येतं. प्रत्येकाच्या वाटेत कधी ना कधी पाणी येतंच. उत्तरांमध्ये माझी मतंही आहेत. तुमच्या विमानाच्या हँडबुकात वेगळं काही लिहिलं असेल तर हँडबुक खरं.

डिचिंग म्हणजे विमान समुद्रात पडणंच ना?

नाही. विमान ताब्यात असताना, दुसरा इलाज उरला नाही म्हणून, ते ठरवून पाण्यावर उतरवणं म्हणजे डिचिंग. ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी काढलेल्या पत्रकात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या नोंदींवरून एक आकडा दिला आहे: ताब्यात राहून केलेल्या ८८ टक्के डिचिंगमध्ये आतल्या माणसांना फारशी इजा होत नाही. म्हणजे पाण्याला टेकणं बहुतेकांना जमतं, तेही आयुष्यात पहिल्यांदाच करताना. घात होतो तो त्यानंतर. दार उघडत नाही, पट्टा सुटत नाही, लाइफ जॅकेट मागच्या सीटखाली राहिलेलं असतं, पाणी गारठवणारं असतं आणि शोधायला निघालेल्यांना कुठे बघायचं ते ठाऊक नसतं. प्रशिक्षण असतं ते या नंतरच्या भागाचं.

हडसन नदीचं उदाहरण सगळेच देतात. १५ जानेवारी २००९ रोजी एअरबस ए३२० पाण्यावर उतरलं आणि १५५ जण सुखरूप सुटले. पण तिथे दोन अनुभवी वैमानिक होते, प्रवाशांना बाहेर काढणारे कर्मचारी होते आणि काही मिनिटांत फेरीबोटी येऊन पोहोचल्या. सेसनासारख्या छोट्या विमानात तुम्ही एकटे असता. दार उघडायचं तुम्हीच, शेजारच्याला बाहेर काढायचं तुम्हीच, आणि बोट येईपर्यंत तरंगायचंही तुम्हीच.

मी किनारा सोडून लांब जातच नाही. मग मला याची गरज काय?

आधी हिशोब करू. सेसना १७२ इंजिनाशिवाय दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जाते. इंग्लंड-फ्रान्समधली डोव्हरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी अठरा सागरी मैलांची. बरोबर मध्यावर इंजिन गेलं तर दोन्ही किनारे नऊ-नऊ मैलांवर, म्हणजे सहा हजार फूट तरी हवेत. हे वारा नसताना, आणि इंजिन गेलंय हे मान्य करायला एक क्षणही न घालवता. ढगांचा तळ तीन हजारांवर असेल त्या दिवशी मधला मोठा टप्पा तुमच्या आवाक्याबाहेर असतो. लेक मिशिगनवर मॅनिटोवॉक ते लडिंग्टन हे अंतर पन्नास सागरी मैलांच्या आसपास आहे. दहा हजार फुटांवरूनही मधली दहा-बारा मिनिटं अशी जातात की इंजिन थांबलं तर पाण्यातच उतरायचं. शिकागो-डेट्रॉइट पट्ट्यात उडणाऱ्या आपल्या मंडळींनी हा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. बहुतेक जण मग तळ्याला वळसा घालून जायला लागतात, आणि तोही उत्तम निर्णय आहे.

शिवाय ‘किनारा गाठला’ म्हणजे ‘उतरायला जागा मिळाली’ असं नव्हे. कोकणचा किनारा वरून कितीही देखणा दिसला तरी त्यात काळे कातळ आहेत, खारफुटी आहे आणि गुडघाभर रुतवणारा खाडीचा चिखल आहे. काशीद किंवा गुहागरची पुळण ओहोटीला छान कडक असते, पण भरतीला तिची पट्टीच उरते आणि रविवारी त्या पट्टीवर माणसं, घोडागाड्या आणि पतंग असतात. गर्दीत विमान घालण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर, उथळ पाण्यात, पोहून येता येईल इतक्या अंतरावर उतरलेलं बरं.

आणि उड्डाणाची ती पहिली मिनिटं. जुहूच्या २६ धावपट्टीवरून पश्चिमेला उठलेलं विमान लगेच समुद्रावर असतं. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं तर जॅकेट शोधायला वेळ कुठला?

हे प्रशिक्षण कायद्याने सक्तीचं आहे का?

हौशी वैमानिकाला सहसा नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या सहाव्या परिशिष्टाचा दुसरा भाग आणि युरोपचे नियम दोन्ही एवढंच म्हणतात की एका इंजिनाचं विमान किनाऱ्यापासून ग्लाइड-अंतराबाहेर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत परत येता येणार नाही इतकं लांब, जाणार असेल तर माणशी एक लाइफ जॅकेट हवं. अमेरिकेत तर भाड्याने न चालवलेल्या छोट्या खासगी विमानाला तेवढंही बंधन नाही. ज्या देशाने सक्ती केली त्याने माणसं गमावून केली. २९ नोव्हेंबर २००९ रोजी कॅनडात सॅटर्ना बेटाच्या लायल हार्बरमध्ये एक बीव्हर सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारं-उतरणारं छोटं विमान, उडताना पाण्यात कोसळलं. आठ जणांपैकी सहा बुडाले. पुढे २०१९ मध्ये कॅनडाने व्यावसायिक सीप्लेनच्या वैमानिकांना पाण्याखालून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, दर तीन वर्षांनी उजळणीसह. नियम धंदेवाईकांना लागतो. पाणी सगळ्यांना सारखंच.

मी लहानपणापासून विहिरीत पोहलोय. पाण्याखालून बाहेर यायला शिकवणी कशाला?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि विचारणारे खरोखर पट्टीचे पोहणारे असतात. विहिरीत सूर मारता तेव्हा वर कुठे आणि खाली कुठे हे तुम्हाला ठाऊक असतं, कारण सूर तुम्ही मारलेला असतो. उलटलेल्या विमानात तुम्ही पट्ट्याला टांगलेले असता, डोकं खाली. नाकात पाणी सरळ घुसतं. डोळे उघडे ठेवले तरी सगळं धूसर असतं, त्यात इंधन आणि गाळ. कानातला तोल सांभाळणारा भाग खोटी बातमी देत असतो. दाराची कडी जी रोज उजव्या हाताला असते ती आताही तिथेच असते, पण मेंदू ती भलत्याच बाजूला शोधायला लावतो.

अशा वेळी पोहणाऱ्याचा हात सवयीने एकच गोष्ट करतो: पट्टा सोडतो. पट्टा सुटला की शरीर तरंगून केबिनच्या जमिनीला, म्हणजे आता वर आलेल्या बाजूला, जाऊन चिकटतं आणि दाराशी असलेला एकमेव संबंध तुटतो. त्यानंतर कितीही दम असला तरी माणूस अंधारात गोल गोल चाचपडत राहतो. शिवाय पट्टा सुटलेल्या माणसाला दार ढकलायला आधार राहत नाही. दार ढकलायला गेलं की दाराऐवजी तोच मागे सरकतो.

म्हणून शिकवतात तो क्रम असा. टेकण्याआधी एक हात दाराच्या चौकटीवर किंवा कडीजवळच्या ठरलेल्या जागी. तो हात आता विमान सोडेपर्यंत सोडायचा नाही. दुसरा हात पट्ट्याच्या बकलवर, पण उघडायचं नाही. पाणी आत येतं, विमान फिरतं, ते पूर्ण थांबेपर्यंत मनात आकडे मोजत थांबायचं. मग दार किंवा खिडकी उघडायची. वाट मोकळी झाली हे हाताने पक्कं झालं की मगच पट्टा. आणि ठरलेल्या हाताने स्वतःला ओढत बाहेर. पाय मारायचे नाहीत. मागून येणाऱ्याच्या तोंडावर बसतात आणि वायरींत अडकतात.

वाचायला सोपं आहे. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक तुकडीत पहिल्या फेरीला कुणीतरी हमखास आधी पट्टा सोडतं. चौथ्या फेरीला तोच माणूस शांतपणे थांबलेला दिसतो. पहिल्या आणि चौथ्या फेरीच्या मध्ये त्याने नवीन काही वाचलेलं नसतं.

मला पोहताच येत नाही. येऊ का?

या. बाहेर पडण्याच्या सरावात पोहण्याचा भाग थोडाच असतो आणि प्रत्येक फेरीला पाण्यात सुरक्षा-पाणबुडे उभे असतात. फक्त पहिल्याच मिनिटाला प्रशिक्षकांना सांगा. लाजून शेवटच्या रांगेत उभे राहू नका. न पोहणारा कधीकधी जास्त चांगला शिकतो, कारण तो सांगितलेल्या क्रमाला घट्ट धरून असतो. जॅकेट घालून पाठीवर तरंगणं आणि हातांनी मागे मागे जाणं मात्र आधी शिकून घ्या. त्याला गावच्या जलतरण तलावात महिनाभर पुरतो.

त्या दिवशी नेमकं काय काय करून घेतात?

सकाळी वर्ग, दुपारी तलाव, अशी साधारण पद्धत. सुरुवात बहुधा खुर्चीने होते: नळ्यांच्या चौकटीत बसवलेली सीट, तिला पट्टा, बाजूला खोटी खिडकी. दोघं जण ती पाण्यात उलटी करतात. नाकातून हळूहळू हवा सोडत राहिलं की पाणी आत शिरत नाही, ही साधी युक्ती इथेच कळते आणि अर्धी भीती तिथेच संपते. मग डंकर, म्हणजे विमानाच्या केबिनचा सांगाडा. तो क्रेनने पाण्यात सोडतात, आधी सरळ, मग उलटा. मग तुमच्या बाजूचं दार अडकलंय असं धरून पलीकडच्या दाराने. काही ठिकाणी दिवे घालवून.

त्यानंतरचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मला तोच जास्त मोलाचा वाटतो. कपडे-बूट घालून, फुगवलेल्या जॅकेटसकट, पाण्यातून राफ्टमध्ये, म्हणजे फुगवलेल्या तराफ्यात, चढायचं. जॅकेट छातीवर फुगलेलं असतं, राफ्टची कड निसरडी असते, भिजलेली जीन्स पाय वर येऊ देत नाही. धडधाकट तरुणांचीही दमछाक होते. उलटा पडलेला राफ्ट सरळ करायचाही सराव असतो. त्यात राफ्ट अंगावर येतो आणि काही क्षण आपण त्याच्याखाली असतो, ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी.

छोट्या हवेच्या बाटलीतून पाण्याखाली श्वास घेण्याचा सराव काही कोर्समध्ये असतो. बाटली विकत घेऊन नुसती खिशात ठेवू नका. दाबाखालची हवा घेऊन श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. ते शिकवल्याशिवाय वापरायचं साधन नाही.

पंख वर असलेलं विमान बरं की खाली असलेलं?

कट्ट्यावर यावर तासभर वाद घालता येतो. त्याच ब्रिटिश पत्रकाच्या मते दोन्हींच्या यशात फरक दिसत नाही. पंख खाली असले तर विमान तरंगताना त्यावर उभं राहता येतं. पंख वर असले तर केबिन लवकर पाण्याखाली जाते आणि बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. सेसनाचं हँडबुक म्हणूनच सांगतं की गरज पडली तर खिडकी उघडून केबिनमध्ये पाणी येऊ द्या, दाब सारखा झाला की दार उघडतं. आपणहून पाणी आत घ्यायचं, हे मनाला पटवणं हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट.

मला विचाराल तर पंखांपेक्षा दारं मोजा. पायपर चेरोकी घराण्यातल्या बहुतेक विमानांना एकच दार, तेही उजवीकडे, आणि त्याला वर एक जादा खिट्टी. म्हणजे डावीकडच्या वैमानिकाचा जीव शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात. तो माणूस पहिल्यांदाच विमानात बसलेला तुमचा मेव्हणा असेल, तर त्या दोन्ही खिट्ट्या त्याच्याकडून जमिनीवर डोळे मिटून उघडून घ्या.

उतरायचं कसं? वाऱ्याकडे तोंड करून की लाटांना समांतर?

पाण्यावर दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. एक म्हणजे आत्ताच्या वाऱ्याने उठलेल्या छोट्या लाटा. दुसरी म्हणजे स्वेल, कुठल्या तरी दूरच्या वाऱ्याने उठलेले लांब रुंद उंचवटे, जे वारा पडला तरी चालत राहतात. स्वेल खालून नीट दिसत नाही, उंचीवरून दिसतो. म्हणून हजार-दोन हजार फुटांवर असतानाच त्याची दिशा ठरवून टाका.

सर्वसाधारण नियम: स्वेलला समांतर, माथ्यावर किंवा उतरत्या पाठीवर. समोरून येणाऱ्या लाटेच्या तोंडावर कधीच नाही. ती पाण्याची भिंत असते. वारा खूप जोराचा, पस्तीस-चाळीस नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) घरात असेल, तरच वाऱ्याकडे तोंड करण्याचा विचार. दोन्ही मनासारखं होत नसेल तर तिरपा सुवर्णमध्य. समुद्रावर पांढरे तुरे दिसायला लागले की वारा दहा नॉटच्या पुढे गेला असं समजायचं.

सेसना १७२एसच्या हँडबुकात आकडे आहेत. इंजिन चालू असेल तर फ्लॅप (पंखामागची खाली झुकणारी झडप) २० ते ३० अंश, ५५ नॉट आणि मिनिटाला तीनशे फुटांची उतरण. इंजिन नसेल तर फ्लॅप न लावता ७० नॉट किंवा १० अंशांवर ६५. दारांच्या कड्या टेकण्याआधीच सोडायच्या. फ्लेअर करू नका, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलू नका, असंही ते सांगतं, कारण पाण्यावरून उंचीचा अंदाज येत नाही. सकाळचं आरशासारखं स्थिर पाणी यात सर्वात फसवं: पन्नास फुटांवर असताना पाच फुटांवर असल्यासारखं वाटतं, माणूस नाक उचलतो, विमान वेग गमावून आदळतं.

इंधन संपत आलंय आणि किनारा गाठणार नाही हे कळलं असेल तर शेवटच्या थेंबापर्यंत थांबू नका. इंजिन चालू असताना जागा निवडता येते, उतरण ठरवता येते. त्यासाठी थोडं इंधन राखून ठेवा.

आणखी एक. पहिला धक्का शेवटचा नसतो. विमान एक-दोनदा पाण्याला घासून उसळतं, मग खरा दणका बसतो आणि नाक खाली जातं. पहिल्या घासण्याला ‘उतरलो एकदाचे’ म्हणून पट्टा सोडणारे त्या दणक्यात डॅशबोर्डवर आपटतात.

जहाज दिसलं तर त्याच्याजवळ उतरावं का?

जरूर, पण कुठलं जहाज ते बघून. मोठा टँकर थांबायला काही किलोमीटर घेतो आणि त्याच्या उंच कठड्यावरून तुम्हाला वर घेणं अवघड असतं. मासेमारीचा ट्रॉलर कितीतरी बरा: चटकन वळतो, कठडा बुटका, आणि पाण्यातून वजन वर ओढणं हा त्यावरच्या माणसांचा रोजचाच धंदा. वरून एक-दोन घिरट्या घालून त्यांचं लक्ष वेधा. मग त्यांच्या बाजूला, थोडं पुढे उतरा. थेट वाटेत नको, आणि मागेही नको, मागे जाळी असतात.

मेडे, म्हणजे रेडिओवरून संकटाची हाक, कधी द्यायचा?

लगेच. उंची आहे तोवर रेडिओ लांबवर ऐकू जातो. ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलत असाल तीवर, उत्तर नसेल तर १२१.५ वर, आणि ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा संकटाचा कोड. जागा, उंची, किती माणसं, राफ्ट आहे की नाही. इंजिन परत चालू झालं तर मेडे रद्द करता येतो, त्यासाठी कुणी दंड करत नाही.

लाइफ जॅकेट कसलं घ्यावं?

हाताने दोरी ओढून फुगणारं, विमानासाठी बनवलेलं. शिडाच्या होड्यांवर वापरतात ती पाणी लागताच आपोआप फुगणारी जॅकेटं विमानात अजिबात नकोत. केबिनमध्ये पाणी शिरताच ती फुगतात आणि माणूस छताला अडकतो. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत ७६७ कोमोरोस बेटांजवळ पाण्यात कोसळलं तेव्हा कित्येकांनी जॅकेट आतच फुगवलेली होती. पाणी भरत असलेल्या केबिनमधून त्यांना खाली बुडी मारून बाहेर पडताच आलं नाही. मृतांचा आकडा १२५.

जॅकेट घेताना दोन पायांमधून जाणारा पट्टा आहे ना ते बघा, नाहीतर पाण्यात ते वर सरकून कानांशी येतं आणि हनुवटी आत जाते. दिवा आणि शिट्टी हवी. गॅसची नळी दरवर्षी तपासायची.

आणि ते अंगात घाला. सीटखाली ठेवलेलं जॅकेट नियमाचं समाधान करतं, तुमचं नाही. चार जणांच्या केबिनमध्ये, पट्टे लावलेले असताना, घाबरलेल्या हातांनी जॅकेट घालणं हॅंगरमध्ये एकदा करून बघा. विमान जमिनीवर उभं असूनसुद्धा जमत नाही.

आपलं पाणी काही थंड नाही. गारठ्याची चिंता परदेशातल्यांनीच करायची ना?

बऱ्याच अंशी हो. मुंबईजवळचा अरबी समुद्र वर्षभर चोवीस-पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास असतो. त्या पाण्यात लगेच काही होत नाही, पण शरीराची उष्णता पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे रात्र काढावी लागली तर तिथेही माणूस गारठतो. कोकणात खरी अडचण ऊन, तहान आणि ओहोटीच्या ओढीची.

लेक मिशिगन एप्रिलमध्ये किंवा इंग्लिश खाडी मार्चमध्ये हे वेगळंच प्रकरण आहे. पाणी पंधरा अंशांच्या खाली असेल तर पहिला झटका श्वासावर येतो. माणूस आपोआप धापा टाकतो, आणि डोकं त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पहिल्याच धापेत बुडतो. जमिनीवर मिनिटभर श्वास रोखणाऱ्याचा दम अशा पाण्यात काही सेकंदांत संपू शकतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी रूढ केलेला १-१०-१ हा नियम लक्षात ठेवा: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हाताची बोटं कामाची असतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे बीकन (संकटात जागा कळवणारा छोटा रेडिओ) चालू करणं, जॅकेटचा पट्टा आवळणं, राफ्टमध्ये चढणं, जे काही बोटांनी करायचं ते त्या दहा मिनिटांत. नंतर इच्छा असते, बोटं नसतात.

मुंबईची आरोही पंडित मे २०१९ मध्ये छोट्या लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडून गेली, तो स्कॉटलंड-आइसलंड-ग्रीनलंड-कॅनडा हा मार्ग अशाच पाण्यावरून जातो. तिकडे इमर्शन सूट, म्हणजे गार पाण्यापासून वाचवणारा जलरोधक पोशाख, अंगात घालूनच बसायचं असतं. केबिनमध्ये घाम येतो म्हणून कमरेपर्यंत सोडून ठेवायचा मोह टाळा.

विमानात ईएलटी (अपघात झाला की संकटाचा संदेश पाठवणारं, विमानात बसवलेलं यंत्र) आहे. वेगळा बीकन कशाला?

रेडिओलहरी पाण्यातून जात नाहीत. विमान बुडालं की त्याचा ईएलटीही बुडाला. त्यामुळे ४०६ मेगाहर्ट्झचा, जीपीएस असलेला वैयक्तिक बीकन जॅकेटला बांधलेला हवा, आणि तो तुमच्या नावावर नोंदवलेला हवा. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह १२१.५ ऐकत नाहीत, तेव्हा वडिलांच्या काळातला जुना बीकन कपाटातून काढून नेऊ नका. भारताजवळ असाल तर तुमची हाक इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात पोहोचते आणि समुद्रातला शोध तटरक्षक दल सांभाळतं. निघण्यापूर्वी घरच्यांना मार्ग सांगून ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घाला.

माझ्या विमानाला पॅराशूट आहे. तरीही?

तरीही. २५ जानेवारी २०१५ रोजी कॅलिफोर्नियाहून हवाईला निघालेल्या सिरस एसआर२२ च्या वैमानिकाला जादा टाकीतलं इंधन घेता येईना. त्याने समुद्रावर पॅराशूट उघडलं, पाण्यात उतरून राफ्टमध्ये गेला आणि एका पर्यटक जहाजाने त्याला उचललं. पॅराशूटने त्याला पाण्यापर्यंत आणलं. तिथून पुढचं काम त्याचं त्यालाच करावं लागलं.

घरच्यांना बरोबर घेतो. त्यांना किती सांगू? घाबरतील ना.

इंजिन चालू करण्याआधी, दोन मिनिटांत, हसतखेळत. दार कसं उघडतं हे सांगू नका, त्यांच्या हातून उघडवून घ्या. हेडफोनची वायर आधी काढायची. जॅकेट बाहेर गेल्यावरच फुगवायचं. मुलांना कोण धरणार ते ठरवा, आणि ते मूल त्याच माणसाच्या शेजारी बसवा.

कपड्यांचंही स्पष्ट बोला. साडी पाण्यात पायांना गुंडाळते आणि दाराच्या कडीत अडकते, ओढणीचंही तसंच. आई किंवा सासूबाईंना पाण्यावरून न्यायचं असेल तर पंजाबी ड्रेस, ओढणीशिवाय. हे सांगताना थोडा संकोच होतो, पण सांगा. आणि जमत असेल तर नेहमी शेजारी बसणाऱ्या जोडीदाराला प्रशिक्षणालाच घेऊन या. एका दाराच्या विमानात तर ते तुमच्या स्वतःच्या प्रशिक्षणाइतकंच गरजेचं आहे.

मी देशावर उडतो, समुद्र नाहीच. धरणात उतरावं लागलं तर?

आधी शेत शोधा. बारामतीच्या आसपास नांगरलेली किंवा कापणी झालेली जमीन पाण्यापेक्षा नेहमीच बरी. पण घाटात, खाली दरी आणि झाडी आणि शेजारी धरणाचं पाणी, अशी वेळ आली तर पाणी. उजनीचं यशवंतसागर वरून मोकळं दिसतं, पण त्यात मच्छीमारांची जाळी असतात, काठाला उथळ गाळ आणि बुडालेली झाडं असतात, आणि भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे थवे. काठापासून थोडं आत, पण पोहण्याच्या टप्प्यात, काठाला समांतर. स्वेल नसतो, ही जमेची बाजू. जॅकेट मात्र तिथेही कुणी नेत नाही.

भारतात हे प्रशिक्षण कुठे मिळतं?

मोठी केंद्रं आहेत, पण ती खासगी वैमानिकाला डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली नाहीत. नौदलाचं कोचीला आयएनएस गरुडवर आहे. ओएनजीसीचं गोव्यात आहे. त्याचं उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी झालं आणि ते तेलफलाटांवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांसाठी आहे. २८ जून २०२२ रोजी पवनहंसचं हेलिकॉप्टर मुंबईपासून समुद्रात सागर किरण रिगजवळ पाण्यावर उतरलं, नऊपैकी चौघे गेले. त्या लोकांना हे प्रशिक्षण का लागतं ते यावरून कळावं.

हाताशी असलेला पर्याय म्हणजे मुंबईतल्या सागरी प्रशिक्षण संस्थांमधला खलाशांचा प्राथमिक जीवरक्षण कोर्स. त्यात जॅकेट, राफ्ट, उंचावरून उडी हे सगळं येतं. पाण्याखालून बाहेर पडणं येत नाही. म्हणजे अर्धं शिक्षण होतं. उरलेलं अर्धं परदेशात असाल तेव्हा करून घ्या. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी एका दिवसाचे कोर्स चालतात. क्लबच्या तलावात खुर्ची उलटी करून घरगुती डंकर बनवण्याचा उत्साह मात्र आवरा. प्रशिक्षित पाणबुडा शेजारी नसेल तर तो खेळ जीवावर येऊ शकतो.

तब्येतीची काही अट?

सर्दी, सायनस, कानाचा संसर्ग असेल तर तारीख पुढे ढकला. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, फिट येणं, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढून यायचं. आदल्या रात्री झोप आणि सकाळी हलकं खाणं. मिसळ दुसऱ्या दिवशी.

किती वर्षांनी पुन्हा करावं, आणि येताना काय आणावं?

कॅनडाचा तीन वर्षांचा हिशोब मला योग्य वाटतो. मधल्या काळात दर वेळी विमानात बसल्यावर डोळे मिटून तीन हालचाली करा: हात चौकटीवर, हात कडीवर, हात बकलवर. विमान बदललं तर दार बदलतं, तेव्हा नव्या विमानात त्या पहिल्यापासून.

येताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पँट आणि भिजले तरी चालतील असे बूट आणा, कारण सराव पोहण्याच्या कपड्यांत करून उपयोग नाही. स्वतःचं जॅकेट असेल तर तेही आणा. प्रशिक्षकांकडून तपासून घेता येईल आणि एकदा खरोखर फुगवून बघता येईल. त्यासाठी गॅसची जादा नळी बरोबर ठेवा, नाहीतर परतीच्या उड्डाणाला जॅकेट रिकामं राहील.